चहा टाकतोय, कुणाला हवाय?

टर्कीचा एक पाय बाहेरच राहत होता.

वेस टॉमचॅक स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि ओव्हनचं दार खांद्याने लावू बघत होता. टर्की आडवी घातली की डावा पाय बाहेर येई, फिरवून घातली की उजवा. पक्षी मरून चार दिवस झाले होते, पण हट्ट सोडायला तयार नव्हता. लीड्समधलं हे भाड्याचं घर ज्याने बांधलं त्याने कोंबडीपेक्षा मोठं काही कुणी खाईल अशी कल्पनाच केलेली नव्हती.

इमोजेन टोस्टसाठी खाली आली. ती वेसच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि इतिहास शिकायची. दारातच थांबून तिने तो प्रकार पाहिला.

"बरीच... मोठी आहे, नाही का?"

"चौदा पौंड. आमच्याकडे हिला लहान म्हणतात. संध्याकाळी सहाला, लक्षात आहे ना?"

"हो, हो. किती छान. मी नक्की प्रयत्न करते."

वेसने डोळे मिटून घेतले. दहा आठवड्यांत तो एवढं शिकला होता की 'प्रयत्न करते' म्हणजे येत नाही, आणि 'नक्की प्रयत्न करते' म्हणजे नक्की येत नाही.

नेब्रास्कातल्या त्याच्या गावात एकोणीसशे माणसं होती. त्यातलं कुणी 'सहाला येतो' म्हणालं की पावणेसहाला हातात झाकलेलं भांडं घेऊन दारात उभं असायचं. येणार नसेल तर 'येत नाही' म्हणायचं, आणि कारणही सांगायचं, बहुतेक वेळा पोटाचं, आणि तपशिलात. इथे वर्षभरासाठी शिकायला आल्यावर पहिल्याच सकाळी वेसने बसमध्ये शेजारच्या गृहस्थाला "सुप्रभात, मी वेस" असं सांगून हात पुढे केला होता. गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरले. तो त्यांचा थांबा नव्हता. मागच्या काचेतून वेसला ते पुढच्या बसची वाट बघत उभे असलेले दिसले.

मग फ्रेडी. वरच्या मजल्यावरचा, कायद्याचा. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "एकदा डॉर्सेटला आमच्या घरी यायलाच हवं तू. आईला फार आवडेल." वेसने तिथल्या तिथे फोनवर कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "चौदा तारीख चालेल?" फ्रेडीचा चेहरा विनातिकीट पकडलेल्या माणसासारखा झाला. त्यानंतर जिन्यात भेट झाली की फ्रेडी म्हणायचा, "अरे हो, ते डॉर्सेटचं ठरवायला हवं," आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा. चौदा तारखा दोन होऊन गेल्या.

चौथा ओवेन. वेल्सचा, भूगर्भशास्त्राचा. तो दिवसाला अकरा-बारा शब्द बोलायचा, त्यातले पाच-सहा चहाबद्दल असत.

चहा हेच काय ते वेसचं इथलं यश. रोज कुणी ना कुणी त्याच्या दारावर टकटक करायचं. "चहा टाकतोय, तुला?" वेसला तो दुधाळ चहा अजिबात आवडायचा नाही, पण मन मोडू नये म्हणून तो रोज 'हो' म्हणायचा आणि निम्मा खिडकीतल्या कुंडीत ओतायचा. कुंडीतलं झाड ऑक्टोबरातच गेलं. स्वतःला कॉफी हवी असली तर तो पाय न वाजवता खाली जायचा, मायक्रोवेव्हमध्ये एक मग पाणी गरम करायचा, कॉफी करून प्यायचा, तो मग धुऊन जागेवर ठेवायचा आणि गुपचूप वर यायचा. लोकांच्या घरात राहायचं तर कुणाला आपली झळ लागू द्यायची नाही, ही आईची शिकवण.

त्या आईमुळेच आज पंचाईत होती. मार्चमध्ये वेसचे बाबा गेले. वेस हे इंग्लंडचं वर्ष सोडून देणार होता, पण आईनेच त्याला विमानात बसवलं. बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली होती. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरच्यांनी एकत्र बसून टर्की खायच्या सणाच्या दिवशी, तिच्या दुपारी साडेबाराला, म्हणजे इथल्या संध्याकाळी साडेसहाला, ती फोनवर त्याचं जेवणाचं टेबल बघणार होती.

"किती जण आहात?" तिने रविवारी विचारलं होतं.

"बरेच."

"बरेच म्हणजे किती रे?"

"चार-पाच. सगळे घरातल्यासारखेच आहेत."

"मग झालं. तू एकटा नाहीस हे बघितलं की मी मावशीकडे जेवायला जाईन. बाबांचं ताट मांडशील ना?"

दर वर्षी टर्की बाबा कापायचे. डावखुरे असल्यामुळे कापण्याआधी ते थाळा इकडून तिकडे दोनदा फिरवायचे आणि आई म्हणायची, "पुरे आता, तिला चक्कर येईल." टेबल रिकामं दिसलं तर आई मावशीकडे जाणार नव्हती. कोट घालून गाडीत बसून राहणार होती. वेस तिला ओळखत होता.

त्याने टर्की उचलली आणि आईची शिकवण मोडून शेजारच्या घराची बेल वाजवली.

ऑग्डनबाई ऐंशीच्या घरातल्या होत्या. त्यांनी आधी टर्कीकडे पाहिलं, मग वेसकडे.

"मॅडम, तुमचा ओव्हन मोठा आहे का?"

"मॅडम कुणाला म्हणतोस? मी काय शाळा चालवते? आत ये, पाय पूस."

टर्की आत गेली, पायांसकट. दार लागलं तो आवाज ऐकून वेसला भरून आलं.

"आता किटली लाव," ऑग्डनबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझी बोटं आज ऐकत नाहीत."

वेसने एक मग पाण्याने भरला आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. ऑग्डनबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"हे काय चाललंय?"

"पाणी गरम करतोय."

"एकच मग?"

"तुमच्यासाठी. मी माझी कॉफी घरी करून घेतो."

"घरीही असंच करतोस? एकट्यापुरतं?"

"हो तर. कुणाला त्रास नको."

"आणि ती पोरं? ती तुला विचारतात?"

"रोज. फार चांगली आहेत."

"आणि तू त्यांना?"

"मी कशाला विचारू? त्यांना चहा करता येतो."

मायक्रोवेव्ह वाजला, तरी कुणी हललं नाही.

"किती दिवस झाले तुला इथे येऊन?"

"दहा आठवडे."

"अरे देवा." हे त्या अगदी हळू म्हणाल्या, दवाखान्यात म्हणतात तसं. "कुणी काही बोललं नाही तुला?"

"एक शब्द नाही. सगळे अगदी नम्रपणे वागतात."

"वागणारच. संतापलेत ते. हे बघ पोरा, घरात जो किटलीपाशी जातो तो घरभर विचारतो. स्वतःला नको असला तरी विचारतो. आमचा धाकटा दीर, सिरिल. चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे पंधरा दिवस राहिला आणि एकदाही कुणाला विचारलं नाही. गेल्या महिन्यात गेला बिचारा. अंत्यविधीनंतर चर्चमधून बाहेर पडताना लोक तेच बोलत होते."

"पण मग सांगायचं ना," वेस म्हणाला. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तोंड आहे ना प्रत्येकाला? फ्रिजवर चिठ्ठी लावायची. 'वेस, चहा कर.' तीन शब्द."

"तोंडावर सांगायचं?" ऑग्डनबाईंनी नाक मुरडलं. "शी."

"मग मला कळणार कसं?"

"ते कळायचं नसतं. ते असतं."

वेस मटकन बसला. त्याला वाटत होतं ती माया होती. ते गाऱ्हाणं निघालं, रोज दूध घालून दिलेलं.

"म्हणजे मी त्यांना नकोसाच होतो," तो म्हणाला. "आता सहाला कोण येतंय."

"नकोसा असतास तर विचारणं बंद केलं असतं," ऑग्डनबाई म्हणाल्या. "सिरिलला आम्ही चौथ्या दिवशी बंद केलं. ऊठ आता. किटलीत पाणी भर, आणि चहा कसा करतात ते बघून घे. दूध शेवटी. शेवटी म्हणते आहे मी."

साडेचारला वेस घरी आला, किटली भरली आणि जिना चढला. पहिलं दार फ्रेडीचं.

"चहा टाकतोय. हवाय?"

फ्रेडी त्याच्याकडे बघत राहिला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. हवाय का?"

"तुला त्रास होणार नसेल तर."

"होणार नाही."

"टाकतच असशील तर."

"टाकतोय, म्हणून तर आलोय वर," वेस दात आवळून म्हणाला.

इमोजेन म्हणाली, "अगं बाई," आणि मग, "थोडासाच." ओवेनने पुस्तकातून मानही वर केली नाही. "दोन चमचे साखर," तो म्हणाला. वेस वळला तेव्हा मागून आवाज आला, "आम्हाला वाटलं, जूनमध्ये न विचारताच जाशील." ओवेनचे दिवसभराचे शब्द त्यात संपले असावेत.

चौघांनी जिन्यातच उभं राहून चहा प्यायला.

"छान झालाय," इमोजेन म्हणाली, म्हणजे वाईट झाला होता.

"वाईट आहे," ओवेन म्हणाला आणि त्याने रिकामा मग पुढे केला. "अजून."

सहाच्या जेवणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. रिकामे मग खाली ठेवून तिघे आपापल्या खोल्यांत गेले आणि दारं लागली.

पावणेसहाला वेसने ऑग्डनबाईंच्याच ट्रेमध्ये, टॉवेलखाली झाकून टर्की घरी आणली. ऑग्डनबाईंनाही त्याने बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "बघते. माझा कार्यक्रम असतो टीव्हीवर." त्याने सहा ताटं मांडली. कुस्करलेले बटाटे, रस्सा, क्रॅनबेरीचा मुरंबा. सहा वाजले. सहा-पाच झाले. वर लाकडी जमिनीच्या फळ्या करकरत होत्या. फ्रेडीच्या दारापाशी एक, इमोजेनच्या दारापाशी एक. तिघेही घरात होते, आणि आपापल्या दाराआड उभे होते. वेस खाली एकटाच बसून छताकडे बघत होता. उठून जाऊन पाचव्यांदा बोलवावं की टर्की जिन्यावरून वर फेकावी, याचा तो शांतपणे विचार करू लागला.

सहा-वीसला मागचं दार उघडून ऑग्डनबाई आत आल्या.

"मी आपली माझा ट्रे न्यायला आले," त्या म्हणाल्या. त्यांनी मोत्यांची माळ घातली होती. टेबल पाहून त्या तशाच जिन्याशी गेल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, "जे कुणी वर उभे आहेत त्यांनी खाली या. पोर रडायला आलंय."

"मी रडत नाहीये."

"तू गप बस."

तिघे खाली आले. फ्रेडीने टाय लावला होता. इमोजेनच्या हातात झाकलेलं भांडं होतं. ओवेनने स्वतःची खुर्ची उचलून आणली होती, कारण खाली चारच होत्या हे त्याने कधीतरी मोजून ठेवलं होतं.

"हे कपडे," वेस म्हणाला, "म्हणजे तुम्ही येणारच होता?"

"यायचं तर होतं," फ्रेडी टायला म्हणाला. "पण तू खरंच बोलावलंयस का, ते कळत नव्हतं."

"मी चार वेळा सांगितलं. दाराखालून कागद सरकवला. त्यावर वेळ लिहिली होती."

"हो, पण तू सगळ्यांशीच तसा बोलतोस ना," इमोजेन म्हणाली. "बसमध्येसुद्धा. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे म्हणायची पद्धत असेल."

वेसने टर्कीवरचा टॉवेल काढला.

साडेसहाला आईचा फोन आला. वेसने तो मुरंब्याच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर आई कोट घालून बसली होती. तिने एकेकाचं नाव विचारून घेतलं, ऑग्डनबाईंना ओव्हनबद्दल दोनदा धन्यवाद दिले, फ्रेडीच्या टायचं कौतुक केलं. फ्रेडीने तिला डॉर्सेटला यायचं आमंत्रण दिलं आणि लगेच जीभ चावली.

सगळे बसल्यावर इमोजेन टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या ताटाकडे बघून म्हणाली, "अजून कुणी यायचंय का?"

"नाही," वेस म्हणाला. "ते बाबांचं आहे. मार्चमध्ये गेले ते."

इमोजेनने 'सॉरी' म्हटलं, फ्रेडीनेही म्हटलं, आणि मग दोघांनी मिठाची बाटली एकमेकांकडे सरकवली. पडद्यावर आई कोटाचं बटण चाचपत राहिली.

ओवेन उठला. त्याने किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि टेबलाकडे वळला.

"चहा टाकतोय. इमोजेन? फ्रेडी? ऑग्डनबाई?" एकेकाकडे बघत, एकेकाचं ऐकून घेत तो पुढे सरकला. "वेस?"

"हो," वेस म्हणाला.

ओवेन टोकाच्या ताटापाशी थांबला. "आणि ते कसा घ्यायचे?"

वेसच्या आधी बरणीजवळून आईचा आवाज आला.

"चहा नाही घ्यायचे बाळा ते. कॉफी. कोरी, साखर नाही."

ओवेनने फोनकडे बघून मान हलवली. सगळ्यांना चहा दिला आणि शेवटी कोऱ्या कॉफीचा मग आणून रिकाम्या ताटाच्या उजव्या हाताला ठेवला, कान बाहेरच्या बाजूला करून.

"निघते मी आता," आई म्हणाली. "मावशी वाट बघत असेल. तुमचं जेवण निवेल."

मगातून वाफ येत होती. वेसने टेबलावरून हात लांब केला, तो मग उचलून ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला आणि त्याचा कान फिरवून घेतला.