तिन्ही बेडची प्रत्यक्ष पाहणी

आमच्या संस्थेची सभा स्कूटरवरून यायची. अंबरनाथमध्ये आम्ही सात विश्वस्त मिळून रुग्णसाहित्य केंद्र चालवतो. घरी आजारी माणूस असलेल्यांना बेड, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. आमचे सचिव अवधूत दर महिन्याला सभेचं इतिवृत्त घरीच लिहून काढायचे आणि वही घेऊन स्कूटरवरून सगळ्यांच्या दारी फिरायचे. शेवटी "चहापानानंतर सभा संपली" हे ठरलेलं. चहा मात्र ते खरोखर प्यायचे, प्रत्येकाच्या घरी एकेक कप. मी तीस वर्षं बदलापूरच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, एक वेलांटी सुटू दिली नाही. ही वही मात्र कणकेच्या हाताने, उभ्या उभ्या सही करून परत द्यायची.

मार्चअखेरीस बुवापाड्याच्या वेणूबाई माझ्या दारात आल्या. त्यांचे यजमान महिपती कामावर शिडीवरून पडून कमरेखाली लुळे झाले होते.

"अठरा दिस झाले बाई, दवाखान्यातनं आनल्यापासनं जमिनीवरच हायेत. पाठीला जखमा पडल्या. केंद्रात म्हनले, तिन्ही खाटा गेल्यात. पाटीवर तुमचं नाव हाय आसं कुनी सांगितलं, म्हून आले."

मी अवधूतना फोन लावला.

"मॅडम, तिन्ही बेड पेशंटकडेच आहेत. चेक झालंय."

"कुणी केलं?"

"तसं रेकॉर्डला आहे ना."

'रेकॉर्डला आहे' ऐकलं की माझं डोकं फिरतं. केंद्राच्या नोंदवहीतून पत्ते उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी निघाले. पहिल्या दोन घरी बेडवर खरोखर आजारी माणसं होती. तिसरा पत्ता विठ्ठलवाडीचा, आमचे अध्यक्ष गुरुदत्त यांच्या थोरल्या बहिणीचा, माईंचा. त्यांचे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. बेडवर गाद्यांची चळत आणि वर दोन सुटकेसी.

"मी म्हटलं होतं गुरुदत्तला, घेऊन जा," माई म्हणाल्या. "तर म्हणाला, राहू दे, घरात पुन्हा कुणाला लागला तर धावपळ नको."

परतताना रिक्षात मी गुरुदत्तना मनातल्या मनात इतकं झापलं की ओठ हलत असावेत. रिक्षावाला सारखा आरशातून बघत होता.

मी खरीखुरी सभा बोलवायला लावली. चार वर्षांत पहिल्यांदा सातही जण एका खोलीत बसले. वेणूबाईंना मी शेजारी बसवलं आणि विठ्ठलवाडीत पाहिलं ते सगळं सांगितलं. आवाज चढला, तो चढू दिला.

गुरुदत्त शांत होते. "चूक झाली. बेड आजच जाईल. पण शलाकाताई, आम्हाला फैलावर घेताय तर हेही बघून घ्या." त्यांनी इतिवृत्ताची वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"काय लिवलंय?" वेणूबाईंनी विचारलं.

मी वाचलं. "चार मार्च. तपासणी समितीने तिन्ही बेडची प्रत्यक्ष पाहणी केली. तिन्ही बेड रुग्णांच्या वापरात आहेत." खाली तीन सह्या, पहिली माझी. अशी समिती आहे आणि मी तिच्यात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"सहा तारखेला मालकांना घरी आनलं," वेणूबाई म्हणाल्या. "म्हंजे त्याआधी तुम्ही बगून आल्ता?"

"नाही."

"आन् सही?"

"माझीच आहे."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की गुरुदत्तवरचा राग कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळी टेम्पोने बेड बुवापाड्यात पोहोचला. वेणूबाई महिपतींना कुशीवर वळवून पाठ पुसत होत्या. जखम बघून मी नजर वळवली, मग मुद्दाम परत बघितलं.

अवधूतनी पावती पुढे केली. वेणूबाईंना आपलं नाव तेवढं लिहिता यायचं. "वाचा," त्या मला म्हणाल्या.

"बेड सुस्थितीत मिळाला."

"सुस्थितीत म्हंजे?"

"म्हणजे चांगला आहे. सगळं नीट चालतंय."

"फक्त सही करा मावशी, टेम्पोवाला खोळंबलाय," अवधूत म्हणाले.

"थांबू द्या की." वेणूबाईंनी पायथ्याचं हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर नेली, खाली आणली. मग चारही चाकांचे ब्रेक पायाने दाबून बघितले. एक लागेना.

"ह्ये लिवा आधी."

मी लिहिलं. त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं, आणि मग एकेक अक्षर लावत सही केली.