वारूळ बोललं

"वारूळ बोललं! पळा, वारूळ बोललं!"

अमावास्येच्या भर दुपारी मुरगूडजवळच्या आमच्या वस्तीत ही हाक उठली आणि सगळी वस्ती ओढ्याकाठी धावली. वारुळावर हळदकुंकवाचा चिखल, पुढ्यात नारळांचा ढीग आणि मांडी ठोकून बसलेला वारूळबाबा. वारुळातल्या देवाला हाक मारत त्यानं चिमटा आपटला.

"नाथा, बोल! तुझी लेकरं खाणारी कोण हाय?"

वारुळाच्या पोटातून खरोखरच घोगरा, घुमणारा आवाज आला, "अंबू... अंबू चेटकीण हाय... तिला फोडा... न्हायतर गाव जळंल!"

मी जिनपाल. वस्तीच्या तोंडाशी माझं खताचं दुकान आहे. माती बोलत नाही एवढं मला कळत होतं. पण मग बोललं कोण, ते कळेना.

अंबूबाईवर बाबाचा राग का, ते मात्र पक्कं माहीत होतं. तापानं फणफणलेल्या तिच्या सुनेला बाबा 'झाड काढतो', म्हणजे अंगातलं भूत उतरवतो, म्हणून चिमट्यानं झोडपत होता. अंबूबाईनं तोच चिमटा हिसकून बाबाच्या पाठीत घातला आणि सुनेला दवाखान्यात नेलं. सून बरी झाली. बाबाकडची गर्दी आटली.

आता तीच गर्दी अंबूबाईला घरातून फरफटत घेऊन आली. बाळासोनं तिचे केस मुठीत धरले होते. त्याचा तान्हा नातू नुकताच गेला होता.

"माझा नातू खाल्लास व्हय गं?"

"बाळासो, न्हाय रं! मी त्याला मांडीवर खेळवलंय की!"

पहिला दगड बाळासोचाच. अंबूबाईची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मग काठ्या आल्या. तिनं डोक्यावर हात धरला, तो मनगटाशी मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"अरं, पोर न्यूमोनियानं गेलंय, डॉक्टर म्हणाले की!" मी मध्ये घुसलो. कुणाची तरी काठी माझ्या तोंडावर बसली. मी दात थुंकत खाली बसलो.

"रॉकेल आणा!" बाबा ओरडला. "नाथाचा हुकूम हाय!"

तेवढ्यात निशिगंधा आली. मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवते. सकाळची शाळा सुटल्यावर घरी निघालेली ती आरडाओरडा ऐकून स्कूटर टाकून धावली. गर्दीतून कोपरानं वाट काढत ती थेट वारुळापाशी पोचली. अंबूबाईला बघून तिनं लगेच फोन काढला, ११२ लावला आणि कानाला धरला.

फोनमधून काहीच ऐकू येईना. पण वारूळ वाजायला लागलं.

ट्रिंग... ट्रिंग...

काठ्या वरच्या वर थांबल्या. रॉकेलचा कॅन घेऊन आलेला माणूस दोन पावलं मागं सरला. आणि वारुळाच्या पोटातून स्वच्छ बाईचा आवाज आला, "नमस्कार, पोलीस मदत केंद्र. बोला, काय झालंय?"

बाबा सावरून ओरडला, "बघा! नाथानं पोलिसाचं रूप घेतलं!"

एक म्हातारा तर हातही जोडून उभा राहिला. निशिगंधाला मात्र उमगलं. वारुळाकडं तोंड करून ती मोठ्यानं बोलली, "मॅडम, एका बाईला जाळायला लागलेत. मुरगूडजवळ, ओढ्याकाठची वस्ती. लवकर गाडी पाठवा!"

"गाडी निघतीय. फोन ठेवू नका," वारूळ म्हणालं.

निशिगंधानं बाळासोच्या हातातली काठी ओढून घेतली आणि वारुळावर घातली. माती ढासळली. आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कडी असलेला लाल ब्लूटूथ स्पीकर निघाला.

"ह्यो माझा स्पीकर हाय!" निशिगंधा ओरडली. " पोरींच्या लेझीमसाठी घेतलेला. कृष्णात, हळदीच्या कार्यक्रमाला म्हणून नेलास की रं!"

बाबाचा चेला कृष्णात झाडामागं उभा होता. दोघांनी त्याला धरला. त्याच्या फोनमध्ये बाबाचा आवाज रेकॉर्ड केलेला सापडला. बाबानं चिमटा आपटला की कृष्णात झाडामागून तो आवाज सोडायचा, एवढाच चमत्कार. पण तो स्पीकर एका वेळी दोन फोन धरतो. निशिगंधाचा फोन जवळ येताच ओळखीच्या स्पीकरला आपोआप जोडला गेला आणि तिचा कॉल तिच्या कानाऐवजी वारुळात बोलला.

गर्दी तेच दगड घेऊन बाबाकडं वळली. "ह्याला फोडा!"

"खाली टाका!" निशिगंधा किंचाळली. "आता हे कुठल्या देवानं सांगितलं? पाणी आणा मावशीला!"

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबा आणि कृष्णात आत गेले. दगड मारणारेही गेले, बाळासोसुद्धा.

अंबूबाई जगली. उजव्या डोळ्यानं तिला आता दिसत नाही. ती वस्तीतच राहते. माणसं तिला म्हणतात, "काकू, आम्हाला वाटलं देवच बोलला."

ती म्हणते, "आणि मी वरडत हुते, ते ऐकू आलं न्हाय व्हय?"

वाचणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. आवाज आला तर आधी तो कुठून येतो ते शोधा. आणि तो कुणाला मारायला सांगत असेल, तर शोधण्याचीही वाट बघू नका. खुद्द देवाचा असला तरी ऐकू नका.