पडवीतली पिशवी

गुरुवारी सकाळी अकराला रेनोची कचरागाडी वजनकाट्यावर चढली आणि भोंगा वाजला. माझी कॉफी फॉर्मवर सांडली. काट्याच्या दोन्ही बाजूंना खांब आहेत, कचऱ्यात किरणोत्सर्गी काही असलं की ते बोंबलतात. चौदा वर्षांत दोनदाच बोंबलले होते.

"मेल्या, काय भरून आणलंस?" मी खिडकीतून ओरडले.

"घरांचाच कचरा आहे गं मार्लिस. नेहमीचा."

"नेहमीच्या कचऱ्याला भोंगा वाजत नाही!"

रेनोच्या नावावर आधीच दोन शेरे होते. एकदा कारखान्याची रंगाची ओली डबडी, एकदा गॅरेजच्या बॅटऱ्या. दोन्ही वेळा कुणीतरी गोड बोललं आणि या बावळटाने उचलून आणलं. राज्याकडून आमच्या कचरा केंद्राला दरवर्षी गुण मिळतात, त्यामुळे मॅनेजरने त्याला बजावलं होतं, तिसरा शेरा लागला की घरी. कागद गिरणी अर्धी बंद पडलेल्या आमच्या गावात अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला कोण कामावर ठेवणार होतं?

"कागद गिरणीतून काही उचललंस का? खरं सांग. तिथल्या टाक्यांवर किरणोत्सर्गी मापकं असतात."

"गिरणीच्या दारातसुद्धा गेलो नाही."

"मग आभाळातून पडलं का?"

तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. असा संताप येतो मला या माणसाचा!

मॅनेजर फोनवर म्हणाला, एक वाजता राज्याचा तपासनीस येतोय. त्याच्या आत ती वस्तू शोधा आणि कुठल्या घरातली ते लिहा. पत्ता मिळाला तर रेनो सुटला, नाही मिळाला तर शेरा त्याचा.

गाडी फरशीवर रिकामी केली. किरणं शोधायचं हातातलं यंत्र चालवायचं शिक्षण माझ्याकडेच होतं, म्हणून हातमोजे चढवून मीच ढिगात उतरले. ते टकटक करत होतं. अर्ध्या तासाने एका पांढऱ्या पिशवीपाशी टकटक वाढली आणि पडद्यावर नाव उमटलं, आयोडीन. म्हणजे गिरणी नव्हे. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सर्गी आयोडीन औषध म्हणून देतात आणि रोग्याच्या थुंकीतून, घामातून ते कचऱ्यात येतं.

"सुटलास रे बाबा!" मी ओरडले. "कुणीतरी आजारी आहे बिचारं. थांब, पत्ता बघते."

"पिशवी उघडू नकोस," रेनो म्हणाला.

"का?"

"गिरणीतून उचललं असं लिही. मी सही करतो."

"डोकं फिरलंय का तुझं? नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

त्याचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी पिशवी फाडली. कागदी ताटल्या, टिश्यू आणि औषधाच्या दुकानाचं पाकीट. त्यावर नाव होतं, कार्लीन लाहती. माझी मुलगी.

मी तिथेच कचऱ्यात बसले. रेनोने दंडाला धरून मला लांब नेलं.

"केव्हापासून?"

"मे महिन्यात ऑपरेशन झालं, ग्रीन बे शहरातल्या इस्पितळात. मीच सोडायला गेलो होतो. त्याआधीपासूनच तिला कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढवत नव्हता, म्हणून मी आतून आणायचो. तेव्हा आजाराचं बोलली. आता ते औषध दिलंय, म्हणून ही पिशवी किरणं ओसरेपर्यंत पडवीत वेगळी ठेवायची होती, मीच घाईत उचलली."

जूनमध्ये ती गळ्याला रुमाल बांधून आली होती. उन्हाळ्यात कसली थेरं, म्हणून मी तिला हसले होते. आग लागो माझ्या तोंडाला.

"मला का नाही सांगितलं?"

रेनो बुटांकडे बघत म्हणाला, "ती म्हणाली, आईला कळलं की आधी आरडाओरडा होणार, मग मलाच तिला सावरत बसावं लागणार. सध्या तेवढा दम नाही माझ्यात."

मी हातमोजे काढले. आत जाऊन नवा फॉर्म घेतला आणि कार्लीनचा पत्ता माझ्या हाताने लिहिला.

"अगं, मी शब्द दिलाय तिला!" रेनो दारातून म्हणाला.

"तू दिलास, मी नाही. तिच्यापायी तुझी भाकरी जायला नको. आणि आता बाहेर हो."

मग फोन लावला.

"आई? आत्ता कशी? कामावर नाहीस का?"

"कार्लीन, पडवीतली पिशवी इथे आली."

मग ती हळूच म्हणाली, "ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे. मी फोन लांब धरते."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आई? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं आणि गाल आतून चावून धरला. मी रडले असते तर तिने मलाच समजावलं असतं.