पाळणाघराचा फायदा

"कसला फायदा मॅडम? वाळलीय नुसती पोर," असं म्हणत शीतलने कडेवरच्या गुबगुबीत धनश्रीला ओढणीआड घेतलं.

शिक्रापूरच्या कारखान्यातल्या पाळणाघरात नीलम सकाळपासून हेच ऐकत होती. ऑफिसातली ही मुलगी एकेका आईचं म्हणणं टॅबवर टिपून घेत होती. कंपनीने एकदम बरीच कामं काढली होती: नवी बस, नवी कँटीन, हे पाळणाघर. कशातून खरोखर काय साधलं ते तपासायचं आणि ज्यातून काहीच साधलं नाही ते बंद करायचं, असं ठरलं होतं. पद्धत मोठ्या संशोधनातून आलेली. फायदा ज्याला झाला त्यालाच विचारा, असं ते संशोधन सांगत होतं. चांगलंच सांगत होतं म्हणा, फक्त पाबळ-खुटबावकडच्या आया त्या संशोधकांना कधी भेटल्या नव्हत्या.

लेकराचं चांगलं चाललंय असं परक्यापुढे बोलायचं नाही, दृष्ट लागते. हे नव्या पोरींना बजावणारी कोण, तर पाळणाघर सांभाळणारी भामाबाईच! नीलमच्या आईनेही तेच केलं असतं, पण नीलम टिपायला आली होती.

आठवड्याने ती परत आली. "मावशी, पाळणाघराला शून्य गुण पडलेत. पुढच्या महिन्यात बंद करतायत."

भामाबाई गोंधळलीच. "आवं, पन वाईट कोन बोललं?"

"चांगलंही कुणी बोललं नाही ना! रडतात, वाळलीत, झोपत नाहीत, सगळ्या हेच म्हणाल्या."

"तसं म्हनायचंच असतंय की!"

"मला कळतं हो. पण माझं कळणं चालत नाही, कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं." नीलम तिच्याशेजारी खाली बसली. "तुम्ही सांगा, आजच वर पाठवते. ही धनश्री आली तेव्हा कशी होती? आता कशी आहे?"

भामाबाईच्या मांडीवर धनश्री झोपली होती. आली तेव्हा नुसती काडी होती, आता मनगटाला वळ्या पडल्या होत्या. भामाबाईचा सगळा जीव या खोलीत होता. एवढं साधं खरं बोललं की खोली वाचणार होती. मग जीभ का उचलत नाही, हे तिचं तिलाच कळेना.

"बोला ना, मावशी."

भामाबाईने काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि धनश्रीच्या गालावर तीट लावली.

"कसलं काय, बाई," ती डोळे पुसत म्हणाली, "वाळलीय पोर."