वळचणीचे सुळे

“माझ्या सुळ्यांना नावं ठेवायची नाहीत हं, वॉल्टर!” शेजारच्या हालिनामावशींनी हातातला झारा माझ्यावरच रोखला.

“नावं कुठं ठेवतोय, मावशी? वळचणीला लोंबणारा हा बर्फ म्हणजे तुमच्या घरातली ऊब आहे, एवढंच म्हणतोय. ती छपरातून निसटते, वरचं हिम वितळवते आणि ते पाणी कडेला येऊन गोठतं.”

मावशी खुर्चीत बसल्या. “म्हणजे काझिक दर नाताळात ज्यांचे फोटो काढायचा...”

“ती ऊबच होती.”

“बावळट मेला!” त्या हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. “आणि मी शेजारी दात काढत उभी!”

त्यांना एकट्यांना कशाला हसायचं? अमेरिकेतल्या आमच्या बफेलोच्या उपनगरातली ही जुनी लाकडी घरं, भिंतींत थंडी अडवणारं फारसं काही नाही, आणि डिसेंबर आला की कुणाचे सुळे लांब यावर सगळ्या गल्लीत चुरस. काझिककाका दरवर्षी बाजी मारायचे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते काठीनं सर्वांत लांब सुळा पाडायचे आणि त्याचा तुकडा मधाच्या दारूत घालून ऐटीत प्यायचे. माझा धंदाच छपराला आतून ऊब धरणारा फोम मारण्याचा, म्हणून एकदा त्यांना सांगून पाहिलं. “जळतोस लेका!” म्हणाले. विषय संपला.

वसंतात काका गेले. थंडी पडताच मावशींनी खाट स्वयंपाकघरात आणली. त्या कोट घालून झोपायच्या, रात्रभर खोकायच्या. अ‍ॅरिझोनातून लेकीनं, रेनाटानं, बजावलं होतं, “नाताळला येतेय. तोवर वरची खोली झोपण्याजोगी झाली नाही, तर घर विकायचं आणि तू माझ्याकडं.” मावशी या घरात नवी नवरी म्हणून आल्या होत्या. त्यांच्या छपराचं काम मी हाती घेतलं.

फोम मारला की दिवसभर घरात पाऊल टाकायचं नसतं. मावशी आमच्याकडे येऊन बसल्या. माझ्या बायकोबरोबर, डोनाबरोबर, पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, वळताना त्यांचं अर्धं लक्ष खिडकीतून स्वतःच्या घराकडे होतं.

मी पांढरा झगा आणि मास्क चढवून माळ्यावर गेलो. आधी वाशांमधला कचरा काढायचा होता. काढतो तर फटींत कोंबलेले काकांचे फ्लॅनेलचे सदरे! एकेक फट चाचपून, घड्या घालून नीट बसवलेले. माणूस नुसता फोटो काढत नव्हता, गुपचूप फटीही बुजवत होता. ते सदरे बाजूला ठेवून मी नळी उचलली. फोम खमीर आलेल्या कणकेसारखा फुगत गेला आणि वारा यायचा थांबला.

मावशींनी सदऱ्यांतला लाल चौकड्यांचा तेवढा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांच्या अंगातच.

रेनाटा आली, वरच्या खोलीत आईशेजारी झोपली. सकाळी माझ्या दारात उभी. “काय करून ठेवलंत हो? मध्यरात्री रजई फेकली मी!” घर विकायचं नाव मग तिनं काढलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी मला आणि डोनाला जेवायला बोलावलं. त्या दिवशी आम्हां पोलिश लोकांत एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. यंदा ते काकांच्या खुर्चीपुढं मांडलं होतं.

बसण्याआधी मावशी सवयीनं काकांची काठी घेऊन अंगणात गेल्या. मी मागोमाग गेलो. गल्लीतली छपरं ठिगळं लावल्यासारखी काळी-पांढरी झाली होती आणि त्यांच्या कडांना सुळे चमकत होते. मावशींच्या छपरावर मात्र हिम जसं पडलं तसं जाड बसून होतं. वळचण कोरडी होती.

“एकसुद्धा नाही रे,” मावशी म्हणाल्या.

“माझ्याकडचा आणू पाडून?”

“म्हणजे तुझ्या घरी अजून...?” त्या खळखळून हसल्या. मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात ऊबदार होता. “नको. तू मला माझ्या घरात ठेवलंस, वॉल्टर. देव तुझं भलं करो.”



आत येऊन त्यांनी काठी दारामागं टेकवली. काकांच्या ग्लासात मधाची दारू ओतली आणि तो जास्तीच्या ताटापाशी ठेवला. लाल सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या.

“आता असंच प्यायचं बरं का,” त्या म्हणाल्या.