दयारामच्या फोटोला हार

माझी पुतणी यामिनी दोन वर्षं दर रविवारी भनपुरीत जाऊन ट्रक रंगवणाऱ्या माणसांचे फोटो काढून राहिली होती. घरच्यांचं मत, पोट्टी हातची गेली. माझं मत, तेवढे रविवार गोल बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात बसली असती तर निदान गिऱ्हाईक ओळखायला शिकली असती. तरी तिच्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांत आधी हॉलवर मीच पोचलो. खुर्च्या मांडणाऱ्यावर माझा भरवसा नसतो.

फोटो एकतीस. मी फोटोंपेक्षा पाहणाऱ्यांवरच नजर ठेवली. माणूस फोटोसमोर सरासरी सहा सेकंद थांबतो, समोशासमोर चार मिनिटं. शेखर वकील तर एका फोटोच्या काचेत केस नीट करून पुढे सरकले.

सगळ्यांत मोठा फोटो दारासमोरच होता. दयाराम पेंटर शिडीवर चढून ट्रकच्या पाठीवर मोर रंगवतोय. दयारामला मी वीस वर्षं ओळखतो. आमच्या दुकानाची पाटी त्याचीच. मीही माझे सहा सेकंद दिले.

"हुबेहूब आहे," मी म्हणालो.

"बस, काका? अजून काही नाही दिसलं तुम्हाले?"

"मोर झकास आहे."

यामिनी हसली. दहा पातेली खाली काढायला लावून गिऱ्हाईक रिकाम्या हाती उठलं की आपण हसतो, तसं.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांचा फोन आला, जमत नाही म्हणून. त्यांच्यासाठी आणलेला मनगटाएवढा जाड झेंडूचा हार टोपलीतच राहिला. चांगली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. स्टुलावर चढलो आणि तो हार मोठ्या फोटोला घातला. खालच्या चौकटीपर्यंत भरगच्च आला. दोन पावलं मागं येऊन पाहिलं. म्हटलं, आता कशी शोभा आली!

दहा मिनिटांनी खुद्द दयाराम आला. इस्त्रीचा शर्ट, मागं बायको भीमाबाई, नव्या लुगड्यात. ती दारातच थबकली. हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला.

"मोर आदमी जियत हे," ती म्हणाली, "अउ तुमन ओकर फोटो म हार चढ़ा देव?"

तिच्या बोलीत ‘मोर’ म्हणजे ‘माझा’: माझा नवरा जिवंत आहे आणि तुम्ही त्याच्या फोटोला हार चढवलात? समोसे खाणारे हात थांबले. आमच्या घरीही हार फक्त गेलेल्यांच्याच फोटोला असतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्टुलावर चढताना मी फोटोत माणूस बघितलाच नव्हता, नुसती भिंत बघितली होती.

दयाराम हसला. "अरे, इससे तो उमर बढ़ती है!"

"तैं चुप रह! पउर साल गिरे रहेस, तब कहाँ गे रिहिस उमर?"

गेल्या वर्षी तो शिडीवरून पडला होता, दोन महिने खाटेवर होता. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी हार घातला होता.

"फोटो उतार, बेटी," भीमाबाई म्हणाली.

यामिनीनं भनपुरीत घरोघर शब्द दिला होता, तुम्ही नको म्हणाल तो फोटो भिंतीवर राहणार नाही. तिच्या दोन वर्षांतला हा सगळ्यांत लाडका फोटो. चेहरा उतरला, पण हुज्जत नाही. "हव, दीदी," म्हणत ती स्टूल ओढायला गेली.

"थांब," मी म्हणालो, "हार माझा आहे. आधी तो काढू दे."

हार खाली आला आणि फोटोचा तळ उघडा पडला. शिडीचे पाय घट्ट धरलेले दोन हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर निळ्या रंगाचे शिंतोडे. बाकीची बाई चौकटीबाहेर.

भीमाबाई जवळ गेली. आपले हात पुढे धरून तिनं त्या हातांशी ताडून पाहिले. मी सवयीनं सेकंद मोजत होतो. साठानंतर सोडून दिले.

"ये तो मोर हाथ हे."

"इसीलिए तो खींची थी, दीदी," यामिनी म्हणाली.

भीमाबाईनं खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "का लिखे हे?"

दयारामनं वाचलं, "दयाराम, पेंटर, भनपुरी."

"अउ मैं?"

आता खजील व्हायची पाळी यामिनीची. तिनं पेन काढलं, पण दयारामनं ते तिच्या हातातून घेतलं, वाकला आणि पाटीवर काढतो तशा ठसठशीत अक्षरांत जोडलं: और भीमाबाई.

"टेढ़ा हे," भीमाबाई म्हणाली. पण फोटो उतरवायचं पुन्हा काही बोलली नाही. हार मात्र तिनं माझ्या हातातून ओढून बाहेरच्या गाईपुढे टाकला.

मी फोटोसमोरच उभा होतो. आमची पाटी रंगवायला दोन दिवस लागले होते. दयारामनं किती चहा घेतला ते मला आजही आठवतं: सहा कप. शिडी कोणी धरली होती, ते आठवत नाही.

जाऊन दोन कप भरून आणले. पहिला भीमाबाईपुढे धरला.

तिनं कपात डोकावून पाहिलं. "भैया, चाय म फूल तो नइ डारे हव?"