किलकिलं दार

देवयानीने ऑफिसची मीटिंग म्यूट केली, अनवाणी जिना चढली आणि किलकिल्या दाराला डोळा लावला. आत सासूबाई, श्यामलाबाई, गुडघा पोटाशी घेऊन निवांत पडल्या होत्या. हूं नाही की चूं नाही.

संध्याकाळी नवऱ्याची, परीक्षितची, गाडी दाराशी लागली की ह्याच बाई साडी घोट्यापर्यंत ओढून, पाय लांब करून कण्हायला लागणार. मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ म्हणे! इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, गुडघ्याची झीज सांगून पॅरासिटामॉल दिलं होतं. शनिवारी त्यांचं भारतात परतीचं विमान. मुक्काम वाढवायचं नाटक, दुसरं काय? देवयानीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"तू नसलास की त्यांना काही होत नाही," ती परीक्षितला म्हणाली.

"म्हणजे आई अ‍ॅक्टिंग करते?"

"मी बघितलं ते सांगतेय."

गुरुवारी उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, सर्जनबाईंनी जांघ चाचपली. गाठ नव्हती. आराम कशाने पडतो, असं विचारल्यावर श्यामलाबाईंनी मुलाकडे बघून पांघरूण घोट्यापर्यंत ओढलं.

"एकट्या असल्या की पाय दुमडून मजेत झोपतात," देवयानी फटकन म्हणाली. "मुलगा आला, पाय सरळ केला, की दुखणं सुरू!"

सर्जनबाईंचा हात थांबला. त्यांनी पाय सरळ करून हळूच वळवला. श्यामलाबाई किंचाळल्या. गुडघा दुमडताच शांत झाल्या.

"लगेच सीटी स्कॅन करा."

कमरेच्या हाडातल्या छिद्रात आतडं अडकलं होतं. बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायकांना क्वचित होणारा हर्निया, बाहेरून न दिसणारा. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

"उशीर झाला असता तर त्या वाचल्या नसत्या," दुसऱ्या दिवशी सर्जनबाई परीक्षितला म्हणाल्या. "तुमच्या बायकोने फार काळजीने लक्ष ठेवलं."

परीक्षित खुशीत कॉफी आणायला गेला. देवयानीला मान वर करवेना.

"आई, त्याच्यासमोर पाय सरळ का करायचात?"

"मुलासमोर गुडघे वर घेऊन लोळायचं का गं?" श्यामलाबाई क्षीण हसल्या. "दुपारी जिन्यात तुझी चाहूल लागायची. म्हणून दार पुरतं लावत नव्हते. वाटायचं, कोणीतरी बघतंय आपल्याकडे."

तेवढ्यात परीक्षित कप घेऊन आला आणि पांघरुणाखाली श्यामलाबाईंचा पाय हळूहळू सरळ होऊ लागला.

"तू बाहेर थांब जरा," देवयानी म्हणाली आणि तिने पडदा ओढून घेतला.